छोट्या व्यावसायिकाने मार्केटिंग कॉन्फरन्सला जाऊन खरंच काही शिकायला मिळतं का? (माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे.)

मिळतं, पण स्टेजवरच्या भाषणांपेक्षा चहाच्या रांगेत जास्त. मी लहान ब्रँडसाठी डिजिटल मार्केटिंगचं काम करतो आणि अशा चार-पाच कॉन्फरन्सना जाऊन आलोय. कामाला आलेली सगळ्यात मोठी गोष्ट एका लोणचेवाल्या ताईंनी जेवणाच्या टेबलावर सांगितली: व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या साध्या लिंकवरून आलेलं गिऱ्हाईक गूगल ॲनालिटिक्समध्ये (वेबसाइटवर लोक कुठून आले ते दाखवणारं गूगलचं साधन) बहुतेक वेळा 'डायरेक्ट' म्हणून दिसतं. म्हणजे ऑर्डर आणतो व्हॉट्सॲप ग्रुप, आणि आपण समजतो लोक आपणहून आले! लिंकला यूटीएम टॅग (ती कुठे पाठवली ते सांगणारा, लिंकच्या शेवटी जोडायचा छोटा मजकूर) जोडला की खरा आकडा कळतो. टॅग फुकट बनतो, दोन मिनिटांत.

जाणार असाल तर:
- आपले दोन-तीन नेमके प्रश्न कागदावर लिहून न्या.
- स्लाइडचे फोटो काढत बसू नका, नंतर कोणी बघत नाही.
- घरी आल्यावर आठवड्याभरात एकच गोष्ट करून बघा.

मात्र कॉन्फरन्स निवडून घ्या. गोवाफेस्टसारखे मोठे सोहळे मुख्यतः जाहिरात एजन्सी आणि जाहिरातींना मिळणाऱ्या ॲबी पुरस्कारांभोवती फिरतात. तुमच्या मसाल्यांना त्यापेक्षा गावातली व्यापाऱ्यांची एक दिवसाची कार्यशाळा जास्त उपयोगी.