उंची कमी भरली म्हणून अंतराळवीर नक्कल ठरत नाही

एकाच पवित्र्यातले दोन प्लास्टिकचे अंतराळवीर आपल्याकडे असून त्यांतला एक कडक आणि चकचकीत, तर दुसरा मऊ आणि हाताला मेणचट लागणारा आहे, मऊ नग जवळजवळ दीड मिलिमीटरने बुटका भरतो, तेव्हा तो नक्कल समजून संग्रहातून काढावा का, असे तुम्ही विचारले आहे. हे वाचून माझेच जुने दुखणे वर आले, कारण नेमक्या याच मोजमापावर विसंबून मी अकरा नग हातचे घालवले. मी प्लास्टिकच्या कारखान्यात कधी काम केलेले नाही. बरीच वर्षे हे पुतळे गोळा करणारा आणि भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहणारा माणूस म्हणून लिहितो आहे, आणि माझ्या म्हणण्याला तेवढेच वजन द्यावे.

मला शंका आली तेव्हा मी पैसे भरून एका मूल्यमापन कार्यालयाचे मत मागवले. त्याचे नाव येथे घेत नाही. प्रत्येक नगाचे वजन, पट्टीसह काढलेली छायाचित्रे आणि तळाची वेगळी छायाचित्रे असे सारे मी पाठवले होते. उत्तर आले ते एका ओळीचे: उंची मूळ नमुन्यापेक्षा कमी, सबब नक्कल. तो मूळ नमुना कोणत्या प्लास्टिकचा होता, याचा त्यात उल्लेखच नव्हता. तेवढेच विचारणारी दोन पत्रे मी पाठवली, तर एका शुल्कात एकच मत मिळते असे कळवण्यात आले. प्रश्न न वाचताच दिलेल्या मताला मत का म्हणावे, हे मला आजही समजलेले नाही. परंतु शिक्का पाहून मी गप्प बसलो आणि सगळे मऊ नग लहान मुलांच्या खेळण्यांच्या पेटीत देऊन टाकले.

चूक कोठे होती हे साध्या हिशेबाने कळते. साच्यातला प्लास्टिक थंड होताना आकसतो आणि प्रत्येक प्लास्टिक सारखा आकसत नाही. कडक पॉलिस्टायरीन साधारण अर्धा टक्का आकसते, तर मऊ पॉलिइथिलीन दीड ते तीन टक्के किंवा थोडे अधिकही आकसते. साच्यातली पोकळी १०० मिलिमीटर उंच धरली, तर कडक नग ९९.५ मिलिमीटरचा निघेल आणि दोन टक्के आकसणारा मऊ नग त्याच साच्यातून ९८ मिलिमीटरचा निघेल. म्हणजे तुमचा दीड मिलिमीटर येथेच, कोणतीही लबाडी न होता, भरून निघतो. आता कोणी कडक नगावरूनच नवा साचा घेतला आणि त्यात मऊ प्लास्टिक भरले, तर ती नक्कल सुमारे ९७.५ मिलिमीटरची होईल. जुन्या साच्यातला मऊ नग आणि नक्कल यांच्यातला फरक अवघा अर्धा मिलिमीटर उरतो, आणि ६० मिलिमीटरच्या नगात तर तो ०.३ मिलिमीटरवर येतो. मऊ पाय घोट्यात जरासा वाकला तरी याहून जास्त फरक पडतो, त्यामुळे हा निवाडा कॅलिपरवर, म्हणजे बारीक मापे घेणाऱ्या मापकावर, सोडणे मला मुळीच पटत नाही. मोजायचेच असेल तर डोक्यापर्यंतची उंची सोडून तळपट्टीची लांबी घ्यावी, आणि तुलना कडकाची कडकाशी व मऊची मऊशीच करावी. अर्थात, मुद्दाम लहान करून काढलेल्या हाँगकाँगच्या नकला उघड ओळखू येतात. त्यांच्याविषयी वाद नाही.

मग पाहायचे काय? माझ्या मते सर्वांत आधी जोडरेषा, म्हणजे साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथे उमटणारी बारीक कड. जुन्या साच्यातून निघालेल्या नगावर ती एकच असते आणि कडक व मऊ दोन्ही नगांवर एकाच वाटेने जाते. नगावरून घेतलेल्या नकलेवर बहुधा जुन्या रेषेची पुसट सावली राहते आणि तिच्या शेजारून नवी, ठसठशीत रेषा जाते. तळावर नग साच्याबाहेर ढकलणाऱ्या पिनांच्या गोल खुणांचेही तसेच असते. माझ्याकडे एक मऊ नग कपाटामागे पडून राहिला होता. त्याच्यावर रेषा एकच होती, गोल खुणा कडक नगाच्याच जागी होत्या आणि त्यांच्या कडा धारदार होत्या. अकरा नग गेल्यावर हे दिसले. खुणा पुसून काढणारा कसबी नकलकार असतोच, तेव्हा ही कसोटीही शंभर टक्क्यांची मानू नये. तरीही छातीवरील नळ्या आणि हातमोज्यांच्या सुरकुत्या भरून बोथट झाल्या आहेत का, हे पाहिल्यावर सहसा फसगत होत नाही.

साचे फार दीर्घायुषी असतात, हे विसरल्यामुळेच असे घोटाळे होतात. आर्चर या अमेरिकी खेळणी कंपनीचे १९५० च्या दशकातले अंतराळवीर पुढे ग्लेन्को मॉडेल्स या दुसऱ्या कंपनीने जुन्या साच्यांतून पुन्हा काढले. अमेरिकी खेळणी उत्पादक लुई मार्क्सने १९७२ मध्ये आपली कंपनी क्वेकर ओट्सला विकली. मार्क्सचे कितीतरी साचे नंतर हातोहात फिरले आणि काहींतून मेक्सिकोतही उत्पादन झाले. म्हणून पाठीवरची अवजड पेटी पाहून नग अपोलोच्या काळातला आहे, किंवा गोल काचेचे हेल्मेट पाहून तो त्याआधीचा आहे, असे ठरवणेही अपुरे असते. त्यावरून साचा कधी कोरला याचा अंदाज येतो, नग कधी ओतला याचा येत नाही. पुनर्निर्मित नगाला मी नक्कल म्हणत नाही, त्याला वेगळा कप्पा देतो. तो मूळ म्हणून विकणाऱ्याला मात्र माझ्या लेखी क्षमा नाही. सुट्या पारदर्शक हेल्मेटवरून तर काहीच ठरवू नये, कारण ती या नगाची त्या नगाला सहज चढतात.

प्लास्टिक ओळखण्यासाठी पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून नग बुडवून पाहावा: पॉलिइथिलीन तरंगते, पॉलिस्टायरीन बुडते. काखेत बुडबुडा अडकू देऊ नये आणि रंग हाताने दिलेला असेल तर हा प्रयोग करू नये. नेलपॉलिश काढण्याचे द्रावण कडक नगाला लावू नये, त्यातल्या अ‍ॅसिटोनने पृष्ठभाग विरघळतो. तुम्ही नग मऊ पारदर्शक पाकिटांत ठेवल्याचे लिहिले आहे. ती पीव्हीसीची असतील तर आजच बाहेर काढावेत, कारण पीव्हीसीला मऊ ठेवणारे द्रव्य कडक प्लास्टिकमध्ये उतरून नग पाकिटाला चिकटतात.

दोन्ही नगांच्या तळांची आणि बगलांची छायाचित्रे, दिवा एका बाजूला तिरपा धरून, जवळून काढून दाखवावीत. रेषा एक आहे की दोन, हे त्यांत दिसेल, आणि तोपर्यंत मऊ नग कोणालाही देऊ नये.