अँडीजमध्ये चार हजार मीटर उंचीवर स्लॉथचे जीवाश्म कसे सापडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: स्लॉथ हा उष्ण, दमट जंगलात झाडाला लटकून राहणारा प्राणी. मग चिली, बोलिव्हिया आणि पेरूमध्ये चार हजार मीटर उंचीवर, जिथे धड झाडही उगवत नाही, तिथे नामशेष स्लॉथ आणि आर्माडिलोच्या (अमेरिकेतल्या, हाडाचे कवच असलेल्या, बिळे करणाऱ्या प्राण्याच्या) कवचधारी नातलगांचे जीवाश्म कसे मिळतात? हे प्राणी इतक्या वर चढले कसे?

जे फार जुने आहेत, ते चढलेच नाहीत. ते सखल भागात जगले, तिथेच मेले आणि गाळात पुरले गेले. नंतर ती जमीनच त्यांच्या हाडांसकट वर आली. जे अलीकडचे आहेत, म्हणजे जमीन वर आल्यानंतरच्या काळातले, ते मात्र खरोखरच त्या उंचीवर राहत होते. त्यामुळे अशी बातमी वाचली की आधी जीवाश्माचे वय पाहावे. बातमीत मथळ्यात उंची असते आणि वय कुठेतरी खाली दडलेले असते, म्हणून हा गोंधळ होतो. तुमचाही त्यामुळेच झाला असणार.

मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते. हा मुद्दा वर्गात आला की मी शाळिग्रामापासून सुरुवात करते. आपल्या देवघरात असलेला शाळिग्राम गंडकीच्या पात्रातून येतो आणि त्याच्या आतले चक्र म्हणजे ज्युरासिक काळातल्या अमोनाइट या समुद्री प्राण्याचे कवच असते. तो प्राणी हिमालय चढून गेला असे कोणी म्हणत नाही, कारण समुद्राचा तळच उचलला गेला हे आपल्याला ठाऊक आहे. अँडीजमध्ये समुद्रतळाच्या जागी गवताळ मैदान आणि नदीचा गाळ ठेवा, म्हणजे जुन्या स्लॉथचे कोडे सुटते.

एक ठोस उदाहरण घेऊ. चिलीच्या अगदी उत्तरेला, बोलिव्हियाच्या सीमेलगत, सालार दे सुरीरे नावाचे मिठाचे पठार आहे. उंची चार हजार दोनशे मीटरच्या वर. विरळ हवा, रात्रीची कडाक्याची थंडी, खाऱ्या पाण्यात फ्लेमिंगो. तिथल्या चुकाल नावाच्या खडकांच्या थरात २००४ साली एका ग्लिप्टोडॉन्टचे अवशेष मिळाले. ग्लिप्टोडॉन्ट म्हणजे पाठीवर हाडाचे घुमटासारखे कवच असलेला, आर्माडिलोच्या कुळातला सस्तन प्राणी. डॅरिन क्रॉफ्ट, जॉन फ्लिन आणि अँड्रे वायस या तिघांनी २००७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला पॅराप्रोपॅलेहॉप्लोफोरस सेप्टेन्ट्रिओनॅलिस हे नाव दिले. वजन साधारण नव्वद किलो. त्याच्या कुळातले पुढचे प्राणी टनाच्या वर गेले, त्या मानाने हा लहानच. आणि वय सुमारे १ कोटी ८० लाख वर्षे. त्याच्याबरोबर मिळालेल्या प्राण्यांवरून तिथे तेव्हा झाडे थोडी आणि गवत भरपूर असा मोकळा प्रदेश होता, पाऊसही बरा पडत होता असे दिसते. आजच्या सुरीरेशी त्याचे काही साम्य नाही. ते मैदान तेव्हा आजच्यापेक्षा खूपच खाली होते.

"खाली होते" हे कशावरून सांगता, असा प्रश्न इथे यायलाच हवा. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वात सुंदर भाग वाटतो. डोंगराची आजची उंची मोजणे सोपे आहे. सव्वा कोटी वर्षांपूर्वीची उंची कशी मोजायची?

एक मार्ग पावसाच्या पाण्याचा. ऑक्सिजनचे जड आणि हलके असे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू असतात. ढग डोंगर चढू लागले की जड ऑक्सिजनचे पाणी आधी पडून जाते, त्यामुळे जितके उंच जावे तितके पावसाचे पाणी हलके होत जाते. ते पाणी मातीत मुरते, मातीत चुन्याचे खडे तयार होतात आणि त्या खड्यांमध्ये तो हिशेब कोट्यवधी वर्षे तसाच राहतो. दुसरा मार्ग पानांचा. उष्ण प्रदेशातल्या झाडांमध्ये गुळगुळीत कडेच्या पानांचे प्रमाण जास्त असते, थंड प्रदेशात दातेरी कडांचे. जीवाश्म पानांचा पुरेसा मोठा संच हाताशी असेल तर तेव्हाच्या तापमानाचा अंदाज येतो आणि तापमानावरून उंचीचा.

तिसरा मार्ग प्राण्यांचाच, आणि तो दक्षिण बोलिव्हियातल्या केब्राडा ओंडा या ठिकाणी फार नेमका लागू पडला. हे ठिकाण आज सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे आणि तिथले खडक साधारण १ कोटी ३० लाख ते १ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे. तिथे ठेंगणे स्लॉथ मिळाले, त्यातला एक २०११ मध्ये हिस्काथेरियम या नावाने नोंदला गेला. आर्माडिलो आणि ग्लिप्टोडॉन्टही मिळाले. पण उंचीच्या बाबतीत खरी साक्ष दिली ती एका मोठ्या जमिनीवरच्या कासवाने. सस्तन प्राणी अंगात उष्णता तयार करू शकतो, म्हणून त्याच्या हाडावरून हवा गरम होती की थंड हे खात्रीने सांगता येत नाही. कासवाला ती सोय नाही. लहान कासव थंडीत बिळात शिरून दिवस काढू शकते, पण मोठ्या कासवाला तेही जमत नाही. ते जिथे जगते तिथे हिवाळा सौम्यच असला पाहिजे. २०१५ मध्ये काडेना, अनाया आणि क्रॉफ्ट यांनी या कासवांवरून दाखवले की तो प्रदेश तेव्हा बराच सखल होता, बहुधा हजार मीटरच्याही खाली. स्लॉथची उंची कासवाने सांगितली!

मग जमीन वर आली कधी? पॅसिफिकखालचा नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेच्या खाली घुसतो आहे, त्या रेट्याने इथले भूकवच दाबले जाऊन जाड होत गेले. आल्टिप्लानोच्या, म्हणजे त्या उंच पठाराच्या खाली ते आज सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. एवढे जाड कवच तरंगत वर येणारच. पण ते सावकाश, सारखे वर आले की झटक्यात, यावर खरा वाद आहे. कार्मला गार्झिओन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ आणि २००८ मध्ये मांडले की मधल्या पठाराचा मोठा भाग सुमारे एक कोटी ते साठ लाख वर्षांपूर्वीच्या काळात भरभर उचलला गेला. कवचाच्या तळाचा जड भाग सुटून खाली बुडाला आणि ओझे उतरल्यासारखे वरचे कवच उसळले, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की डोंगर वाढताना तिथली हवा आणि पावसाचा ढंगही बदलतो, त्यामुळे ऑक्सिजनच्या नोंदीतला काही बदल उंचीमुळे नसून हवामानामुळे असू शकतो. माझे मत विचाराल तर, सगळे पठार एकाच वेळी एकाच वेगाने उचलले गेले असे मला पटत नाही. उत्तर आणि दक्षिण भाग वेगवेगळ्या काळात वर आले असावेत. अशा वादात एकेका ठिकाणचे कासव आणि एकेका थरातली पाने मोलाची ठरतात, कारण ती त्या जागेपुरती आणि त्या काळापुरती स्वतंत्र साक्ष देतात.

आता दुसरा गट. पेरूच्या दक्षिणेला, पुनोच्या परिसरात, कासा देल दियाब्लो नावाची गुहा आहे. उंची सुमारे ३,८०० मीटर. स्वीडनच्या एर्लांड नॉर्डेनशोल्डने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून हाडे नेली होती. शंभर वर्षांनी, २००७ मध्ये, फ्रांस्वा पुजोस आणि सहकाऱ्यांनी त्यातून एक नवा स्लॉथ ओळखला, डायाबोलोथेरियम. त्याच्या पायांच्या आणि पुढच्या हातांच्या सांध्यांची ठेवण चढणाऱ्या प्राण्याची आहे, बहुधा कड्याकपारीतून वावरणाऱ्या. हा प्राणी हिमयुगातला. तेव्हा अँडीज आजच्याइतकेच उंच होते, त्यामुळे इथे "जमीन वर आली" हे उत्तर चालत नाही. तो तिथेच, त्या थंडीत राहत होता.

तो एकटाही नव्हता. बोलिव्हियाच्या पठारावर आयो आयो इथे मिळालेले मेगाथेरियम आल्टिप्लानिकम हे महाकाय स्लॉथच्या कुळातले जुने रूप आहे, त्याचे नाव २००१ मध्ये ठेवले गेले. हे पठार उंच झाल्यानंतरच्या काळातले. मेगाथेरियम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अर्जेंटिनाच्या मैदानातला, हत्तीएवढा, मागच्या पायांवर उभा राहणारा प्राणी येतो. १७८७ मध्ये लुहान इथे मिळालेला सांगाडा माद्रिदला गेला, तोच हा. पण डोंगरातले मेगाथेरियम त्याच्यापेक्षा आकाराने लहान होते, आणि त्यांच्या अनेक जाती होत्या.

म्हणजे "स्लॉथला थंडी सोसत नाही" हा प्रश्नातला गृहीत धरलेला भागच दुरुस्त करायला हवा. आज उरलेले स्लॉथ दोन छोट्या शाखांचे वारस आहेत, सगळे झाडावर राहणारे, सगळे उष्ण कटिबंधातले. नामशेष झालेल्या जाती शंभराच्या वर आहेत आणि त्यातले बहुसंख्य जमिनीवर चालणारे होते. काही पेरूच्या किनाऱ्यावर समुद्रात उतरून पाणवनस्पती खात होते. खंडाच्या दक्षिण टोकाकडे, पॅटागोनियातल्या एका गुहेत मिलोडॉन या जमिनीवरच्या स्लॉथचे दाट केसांसकट कातडे मिळाले आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, स्नोमास गावाजवळ, २०१० मध्ये बुलडोझरने जलाशयाचे काम चालू असताना हिमयुगातल्या प्राण्यांचा मोठा साठा उघडा पडला. उंची २,७०० मीटर, आणि हत्तीकुळातल्या मॅस्टोडॉनबरोबर तिथेही एक जमिनीवरचा स्लॉथ होता. आजच्या दोन शाखांवरून सगळ्या कुळाचा स्वभाव ठरवला की असे जीवाश्म अशक्य वाटू लागतात.

आर्माडिलोबद्दल तर पुरावा जिवंत आहे. बोलिव्हियाच्या पठारावर किर्किंचो नावाचा केसाळ आर्माडिलो आजही साडेतीन-चार हजार मीटरवर बिळे करून राहतो. त्याच्या कवचापासून चारांगो हे तंतुवाद्य बनवत असत, त्यापायी त्याची फार शिकार झाली. हल्ली चारांगो बहुतेक लाकडाचेच होतात, याचा मला मनापासून आनंद आहे.

तुम्ही "आर्माडिलोचे नातलग" म्हणालात ते अगदी बरोबर. २०१६ मध्ये डोडिक्युरस या ग्लिप्टोडॉन्टच्या अवशेषांतून मिळालेल्या डीएनएवरून कळले की ग्लिप्टोडॉन्ट हे आर्माडिलोंच्या बाहेरचे भावंड नसून त्यांच्या वंशवृक्षाच्या आतलीच एक फांदी आहेत. कोकणात दिसणारे खवले मांजर मात्र या कुळातले नाही. त्याचे खवले नखाच्या द्रव्याचे असतात, ग्लिप्टोडॉन्टचे कवच हाडाचे.

आणि हाडाचे कवच असल्यामुळेच ते इतक्या वेळा सापडतात. एका ग्लिप्टोडॉन्टच्या पाठीवर हजाराहून जास्त हाडाच्या चकत्या असत. प्राणी मेला की त्या सुट्या होऊन विखुरतात, आणि प्रत्येक चकतीवरची नक्षी पाहून जाणकार कुळ सांगू शकतो. स्लॉथच्या दातांना इनॅमल, म्हणजे वरचा कडक थर नसतो, त्यामुळे एकटा दातही ओळखता येतो. अर्थात दात कधी फसवतातही. बोलिव्हियातल्या साल्ला इथे आणि नंतर मध्य चिलीच्या अँडीजमध्ये स्यूडोग्लिप्टोडॉन नावाचा प्राणी मिळाला, त्याचे दात ग्लिप्टोडॉन्टसारखे तीन पाकळ्यांचे, पण प्राणी स्लॉथच्या बाजूचा.

संशोधक धाप लागेल अशा उंचीवर का जातात, हेही यात आले पाहिजे. दक्षिण अमेरिकेच्या प्राचीन सस्तनांची आपली माहिती बराच काळ पॅटागोनियातून, म्हणजे खंडाच्या दक्षिण टोकाकडून आलेली होती. विषुववृत्ताकडच्या सखल भागात जंगल आणि माती खडक झाकून टाकतात, कोलंबियातल्या ला व्हेंतासारखी ठिकाणे विरळ. पठारावर मात्र कोरडी हवा, उघडे खडक, झाडोरा नाही, आणि मधूनमधून ज्वालामुखीच्या राखेचे थर. राखेतल्या खनिजांवरून वय काढता येते, म्हणून तिथल्या हाडाला तारीख लावता येते. उष्ण कटिबंधातल्या त्या काळच्या सखल प्रदेशाचे प्राणी पाहायचे तर आज हे उंच पठारच गाठावे लागते.

प्रत्यक्ष पाहायचे असेल तर बोलिव्हियात तारिहा शहरातले पुराजीव संग्रहालय पाहा. तारिहाचे खोरे १,९०० मीटरच्या आसपास आहे आणि तिथले हिमयुगीन मेगाथेरियम आणि ग्लिप्टोडॉन्ट एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहेत. चिलीत सांतियागोचे राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय आहे. सुरीरेला गेलात तर फ्लेमिंगो डोळे भरून पाहा, पण जमिनीवरची नक्षीदार चकती खिशात घालू नका. चिलीत जीवाश्मांना राष्ट्रीय स्मारकांचे कायदेशीर संरक्षण आहे, आणि थरातून उचललेल्या चकतीचे वय पुन्हा कोणालाच सांगता येत नाही.