खिडकीवरचा माळा आणि एक्केचाळीस डबे

प्रश्न : ताई, डोंबिवलीत आमचं वन रूम किचन आहे. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. यंदा पाडव्याला घर जरा नव्यासारखं दिसावं असं मनात आहे. लगेच तिजेला चैत्रगौर बसते, मग सासूबाईंचं हळदीकुंकू. आणि इथे चौघींना बसायला जागा नाही! स्टीलचे जुने डबे काढून एकसारखे पारदर्शक डबे घ्यावेत, खिडकीच्या वर एक माळा करून घ्यावा, असं चाललंय. सासूबाई तांब्याची भांडी टाकू देत नाहीत. काय करू?

उत्तर : सुताराला आगाऊ पैसे दिले नसतील तर माळ्याचा बेत आजच रद्द करा. हे शहाणपण मी पदरचे पैसे मोजून घेतलंय. गिरगावच्या चाळीत आमची १० बाय १८ची खोली, माणसं सात. एका दिवाळीला मी हौसेने खिडकीच्या डोक्यावर माळा ठोकून घेतला. वरचा झरोका त्याच्या मागे गेला. सामान मावलं हो, पण मे महिन्यात खोलीची भट्टी झाली. गरम हवा वरच्या वर कोंडायची, भर दुपारी तीनला ट्यूब लावावी लागायची. दोन वर्षांनी माळा उतरवला, त्या सकाळी झरोक्यातून उन्हाची तिरपी पट्टी आली ती थेट मोरीच्या कठड्यावरच्या घंगाळावर. सासूबाई हातातलं काम टाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, "अगं बाई, हे इतकं लाल आहे होय!" चिंच-मीठ लावून त्याच तर ते घासायच्या.

तेव्हा तुमच्या सासूबाईंशी वाद घालू नका. सगळ्या भांड्यांतलं एकच, सगळ्यात मोठं, उजेडात ठेवा. घंगाळ असेल तर आत मुलांची खेळणी, वर गोल फळी, झाला टीपॉय. बाकीची भांडी एकात एक घालून पलंगाच्या बॉक्समध्ये. (बॉक्समध्ये गोधड्या ठेवाल तर चैत्राचं कडक ऊन दाखवून ठेवा. ओलसर राहिल्या तर पावसाळ्यात कुबट वास सुटतो, मग तो कशानेही जात नाही.)

आता डबे. विकत घेण्याआधी एका संध्याकाळी सगळे खाली वर्तमानपत्रावर मांडा आणि मोजा. माझे ४१ निघाले होते! त्यातले ९ रिकामे, मोहरी तीन ठिकाणी, आणि एकात नणंदेच्या लग्नातल्या अक्षता. गोल डब्यांच्या मधली जागा वाया जाते हे खरं. पण पारदर्शक डब्यात अर्धे संपलेले पोहे आणि तळाशी उरलेली चवळी दिवसरात्र दिसत राहते, आणि गॅसजवळ ठेवले की महिन्याभरात फोडणीचं तेल बसून चिकट होतात. मला तरी ओळीने लावलेलं घासलेलं स्टीलच देखणं वाटतं. रिकामे डबे मोठ्यांच्या पोटात घाला. जो कप्पा मोकळा होईल तो मोकळाच राहू द्या. पाडव्याला आपण घर लख्ख करतो आणि पुढच्या दोन महिन्यांत वर्षाचे गहू, मसाला, कुरडया, लोणचं सगळं दारात येऊन उभं राहतं, हे दरवर्षी विसरतो.

शिवाय ते डबे गेले तर गौरीची आरास कशावर करणार? मागे दोन मोठे, पुढे दोन बुटके, दोन्हीवर फळ्या, वरून सासूबाईंची जरीची साडी. पायऱ्या तयार. पाचव्या मिनिटाला खाली काय आहे ते तुम्हीसुद्धा विसराल.

बसायच्या जागेचं म्हणाल, तर त्या दिवशी खुर्च्या शेजारी पाठवा आणि खाली सतरंजी घाला. एकावेळी सगळ्या कुठे येतात? डाळ-पन्हं घेऊन पहिल्या उठेपर्यंत दुसऱ्या दारात असतात. आणि मुलांच्या परीक्षा तोंडावर असतील, तेव्हा घर एकदम उपसू नका. रोज एक कप्पा.

प्रश्न : गुढीची काठी वर्षभर कुठे ठेवावी? दारामागे ठेवली की घसरून पडते.

उत्तर : उभी ठेवूच नका. दाराच्या चौकटीच्या वर भिंतीत दोन हूक मारा आणि आडवी ठेवा. आमच्याकडे ती काही वर्षं पडद्याची दांडी म्हणून राबत होती. सासूबाईंना कळलं ते ऐन पाडव्याच्या सकाळी, मी पडदा काढून काठी धुवायला घेतली तेव्हा. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः हूक आणून दिले.