नवीन शिक्षकांना समावेशक वर्गासाठी कोणत्या प्रशिक्षणाला पाठवावं?

तुमच्या शाळेत दोन नवीन शिक्षक आलेत, दोघांच्याही वर्गात दिव्यांग मुलं आहेत आणि त्यांना कोणत्या प्रशिक्षणाला पाठवू, असं तुम्ही विचारलंय. म्हणजे मुख्याध्यापक दिसताय. मग आधी एवढं सांगा, सगळ्यात अवघड वर्ग सगळ्यात नव्या माणसाच्याच वाट्याला कसे आले?

२०१७ च्या जूनमध्ये नाशिकमधल्या सातपूरच्या एका शाळेत मी शिक्षणसेवक म्हणून लागले. मानधन ६,००० रुपये, पहिलीचा वर्ग, पट ४६. त्यात एक स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला मुलगा. जुन्या बाईंनी तो वर्ग सरळ नाकारला होता, हे मला दिवाळीनंतर कळलं. घंटा झाली की तो मुलगा कान दाबून किंचाळायचा, बाकाखाली शिरायचा. मग बाकीचे ४५ उठून बघायला.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथे कायदा शिकवला, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार पाठ झाले, जेवण चांगलं होतं. इकडे माझा वर्ग शेजारच्या तुकडीत कोंबला. त्या गोंगाटानं हा मुलगा असा बिथरला की पुढचे दोन आठवडे शाळेतच आला नाही. त्याची आई भेटायला आली तेव्हा साहेब तिच्यादेखत मला म्हणाले, "आता तर प्रशिक्षणही झालं ना तुमचं?" आणि लॉगबुकात, म्हणजे शिक्षकांच्या तपासणीच्या वहीत, शेरा मारला, 'वर्गनियंत्रण असमाधानकारक'.

उपाय सापडला तो शिपाईमामांकडे. ते म्हणाले, "बाई, कंपनीच्या भोंग्याला तो हूं की चूं करत नाही. भोंगा टायमावर होतो. मी कधी दोन मिनिटं आधी मारतो, कधी चहा पिऊन मारतो." घंटा म्हणजे आमच्या व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा, माझ्या दारापासून चार पावलांवर. मग आमचं ठरलं की मामा आधी खिडकीत येऊन हात वर करतील आणि मगच टोल देतील. पहिले काही दिवस फरक पडला नाही. नंतर तो मुलगा हात दिसला की स्वतःच कानात बोटं घालून बसायला लागला. कधी कधी मामांच्या आधी तोच हात वर करायचा.

साहेबांना हे सांगितलं, तर म्हणाले, "असे चोचले किती जणांचे पुरवणार?" मी तेव्हा गप्प बसले. आज विचारते, खिडकीत हात वर करायला कितीसा खर्च येतो?

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर पहिल्या सहामाहीत त्यांना कुठेही पाठवू नका. रोजची एक तासिका मोकळी द्या, इतर कामं जुन्या लोकांकडे वळवा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक येतात, त्यांना ऑफिसात चहा पाजून माहितीचे तक्ते भरून घेऊ नका. अख्खा तास वर्गात बसवा आणि नंतर नव्या शिक्षकाशी बोलू द्या. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या चकरा मारायला पालकांना शाळेतल्या कुणीतरी मदत करावी, ते काम वर्गशिक्षकाच्या गळ्यात नको. आणि पहिल्या वर्षी लॉगबुकात शेरे मारू नका. माझ्या शेऱ्याची झेरॉक्स अजून कपाटात आहे.

हां, माझा अनुभव पहिली-दुसरीचा, तोही एकाच मुलाचा म्हणा. ब्रेल किंवा खुणांची भाषा लागणारं मूल असेल तर ते शिकावंच लागेल, तिथे मामा पुरे पडणार नाहीत. तेव्हा प्रशिक्षणाला जरूर पाठवा, पण ते तीन दिवस त्या वर्गावर तुम्ही स्वतः उभे राहा. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत, फोन ऑफिसात ठेवून.