तारापूरचे १९६९ चे दोन अणुसंच आता कायमचे बंद करायला नकोत का?

संच बंद करायचा की नाही हे जन्मसाल बघून ठरवायचं नसतं, हे आधीच सांगतो. तुम्ही लिहिलंय, ‘जर्मनीने सगळे बंद केले, मग आपण पन्नाशी उलटलेले का ओढत बसलोय?’ जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये बंद केलेले शेवटचे तीन संच १९८८-८९ च्या सुमाराचे होते. ते राजकीय निर्णयाने गेले, म्हातारे झाले म्हणून नव्हे.

हा प्रश्न मला झोंबतो. माझं आयुष्य वेल्ड, म्हणजे पाइपांचे वितळवून केलेले जोड, तपासण्यात गेलं आणि तारापूरला मी ठेकेदाराकडून शटडाऊनच्या कामांना जायचो. ड्रायवेलमध्ये, म्हणजे भट्टीभोवतीच्या बंदिस्त कोठीत, उकाडा असा, की काम सुरू व्हायच्या आत अंगातला ओव्हरऑल भिजलेला. छातीवर टीएलडी बॅज, खिशात पेन डोसीमीटर, दोन्ही अंगावर पडलेला किरणोत्सर्गाचा डोस मोजायला, बाहेर घड्याळ बघत उभा असलेला माणूस. पाइपाला जेल लावायचं, धातूच्या आत ध्वनिलहरी सोडणारा प्रोब हळूहळू सरकवायचा आणि स्क्रीनवरून नजर हलवायची नाही. जुन्या स्टेनलेस स्टीलचं दुखणं म्हणजे वेल्डला लागून असलेल्या पट्ट्यात, आतल्या अंगाने, ताण आणि गरम पाणी मिळून पाडतात ती बारीक चीर.

एकदा एका वेल्डच्या मुळाशी सिग्नल आला. चीर आहे की मुळाचा नुसता उंचवटा, हे एका बाजूने बघून सांगता येत नाही. बरोबरचा पोरगा म्हणाला, ‘साहेब, उंचवटाच असणार, डोस भरत आलाय, लिहून टाकू.’ मी लिहू दिलं नाही. आम्ही बाहेर आलो, दुसऱ्या जोडीला वेगळ्या कोनाचा प्रोब देऊन आत पाठवलं, दोन्ही बाजूंनी मोजमाप घेतलं, आधीच्या शटडाऊनच्या नोंदी काढून ताडून पाहिलं. सिग्नल त्याच जागी, तेवढाच. उंचवटाच निघाला, पण खात्री होईपर्यंत त्या कागदावर कोणी सही केली नाही.

आणि माझा साडू दर लग्नकार्यात चारचौघांत विचारतो, ‘पन्नास वर्षांच्या गाडीत तू तुझी पोरं बसवशील का?’ वर म्हणतो, तू ठेकेदाराचीच भाषा बोलणार. अरे, गाडीचे सांधे असे तपासतं कोण? त्या संचांमधलं कितीतरी सामान मूळचं राहिलेलंच नाही. दुय्यम वाफ-जनित्रांच्या नळ्या गळायला लागल्यावर ती ऐंशीच्या दशकात बाजूला काढली, म्हणून तर २१० मेगावॉटचा संच १६० वर आला. २००५-०६ मध्ये नवे डिझेल जनरेटर बसले. २०२० मध्ये दोन्ही संच थांबवून रिसर्क्युलेशनचे, म्हणजे भट्टीतलं पाणी फिरवणारे, पाइपच बदलायला घेतले. साडू लगेच फुकुशिमा काढतो. तिथे २०११ मध्ये त्सुनामीच्या पाण्यात डिझेल जनरेटर बुडाले आणि भट्ट्या थंड ठेवायला वीज उरली नाही. त्यात पाइपांच्या वयाचा काय संबंध?

बदलता येत नाही ते मुख्यतः भट्टीचं पात्र. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्याचं पोलाद ठिसूळ होत जातं, म्हणून त्याच पोलादाचे नमुने आत ठेवतात आणि वेळोवेळी काढून, तोडून बघतात. नमुने टिकले तर संच चालवा. नाही टिकले तर त्याच दिवशी कायमचं कुलूप, मग कितीही खर्च झालेला असो. तुम्हाला काही मागायचंच असेल तर या नमुन्यांचे निकाल आणि वेल्डचे अहवाल लोकांसमोर ठेवा, हे मागा.

दोन गोष्टी राहिल्या. १६० मेगावॉटसाठी एवढा पैसा ओतावा का, ही शंका रास्त आहे, शेजारचे ३ आणि ४ हे संच प्रत्येकी ५४० चे आहेत. आणि बंद केलं तरी वापरलेलं इंधन उद्या कुठे जात नाही, ते सांभाळावंच लागतं.

३ आणि ४ साठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. साडूचं आजोळ पोफरण. तो राग मला कळतो, त्यावर मी त्याला कधी उलटून बोललो नाही. पुनर्वसनासाठी त्याने म्हणावं, मी त्याच्याबरोबर पालघरला कलेक्टर कचेरीत जाईन. पण तो राग १ आणि २ च्या पाइपांवर काढून, आम्ही उकाड्यात केलेली तपासणी खोटी ठरवलेली मी ऐकून घेणार नाही.