आधी बाण, मग वर्तुळ: योगायोगांविषयी वाचकांची पत्रे

या खेपेच्या टपालात एकच वाक्य निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटले: ‘एवढे सगळे नुसत्या योगायोगाने कसे होईल?’ त्यातली काही पत्रे निवडली आहेत. नावे गाळली आहेत, प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

भारताने एकदिवसीय क्रिकेटमध्ये लागोपाठ २० नाणेफेकी गमावल्या. माझ्या हिशेबाने ही दहा लाखांत एक अशी गोष्ट आहे. तरी योगायोगच म्हणायचे? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोल्हापूर)

तुमचा हिशेब बरोबर आहे. दोनचा विसावा घात १०,४८,५७६. फक्त तो एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला, अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्याआधी, तुम्ही म्हणाला असतात की ‘आजपासून पुढच्या वीस नाणेफेकी भारत हरणार’, तर दहा लाखांत एक हे उत्तर लागू पडले असते आणि मी तुमच्या पाया पडलो असतो. तसे कोणी म्हणाले नव्हते. दहा-बारा नाणेफेकी गेल्यावर लोकांच्या ध्यानात आले, मग मागे जाऊन मालिकेची सुरुवात शोधली गेली. बाण आधी मारायचा, तो रुतेल तिथे खडूने वर्तुळ काढायचे आणि म्हणायचे, बघा काय नेम आहे!

आता योग्य प्रश्न मांडू. मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात ही मालिका १५ वर पोचली होती. तोवर सुमारे ४,८०० एकदिवसीय सामने झाले होते. प्रत्येक नाणेफेकीत दोन संघ, म्हणजे साडेनऊ हजारांहून जास्त हार-जिती. त्यात कोणत्या तरी संघाची, कधी तरी, लागोपाठ १५ हारींची मालिका सापडण्याची शक्यता किती? आणि लागोपाठ १५ जिंकल्या असत्या तरी तुम्ही मला हेच पत्र लिहिले असते, म्हणून तीही धरायची. उत्तर येते साधारण चारात एक. वीसच्या मालिकेसाठी, तिन्ही प्रकारांतले सगळे आंतरराष्ट्रीय सामने धरले तर, पन्नासात एकाच्या आसपास. दुर्मीळ आहे, नाकारत नाही. पण दहा लाखांत एक कुठे आणि पन्नासात एक कुठे.

दुर्मीळ म्हटल्यावर मी दुसरी गोष्ट विचारतो: यामागे काही यंत्रणा असू शकेल का? या वीस नाणेफेकींना रोहित शर्मा, के. एल. राहुल आणि शुभमन गिल असे तीन कर्णधार होते. मैदाने चार-पाच देशांतली. कधी नाणे आपल्या कर्णधाराने उडवले, कधी समोरच्याने. एकच दोष या सगळ्यांत कुठून शिरणार? शिवाय चॅम्पियन्स करंडकात पाचही नाणेफेकी हरून आपण पाचही सामने जिंकलो, तेव्हा कोणी कट केला असेलच तर तो भलताच गबाळा होता.

एकदा घरी शंभर वेळा नाणे उडवून छापा-काटा लिहून काढा. कुठे तरी सलग सहा किंवा जास्त वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता ऐंशी टक्के आहे. वर्गात मी निम्म्या मुलांना खरे नाणे उडवायला सांगतो आणि निम्म्यांना मनाने यादी लिहायला. मनाने लिहिणारे चारच्या पुढे जायला बिचकतात, तेवढ्यावरून याद्या ओळखू येतात.

आमच्या गल्लीत दोन वर्षांत चार जणांना कर्करोग झाला. कोपऱ्यावर मोबाइलचा टॉवर आहे. शेजारच्या गल्लीत एकही रुग्ण नाही. लोक टॉवर हटवण्यासाठी सह्या गोळा करताहेत. मी सही करू का? (गृहिणी, सोलापूर जिल्हा)

ताई, प्रश्न जिवाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१९४४ च्या जूनपासून लंडनवर जर्मनीचे व्ही-१ उडते बॉम्ब पडू लागले. काही वस्त्यांवर पुन्हा पुन्हा पडत, काही कोऱ्या राहत. लोकांची खात्री झाली की जर्मन ठरावीक भाग हेरून मारताहेत. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, आर. डी. क्लार्क या विम्याचे गणित करणाऱ्या गृहस्थाने दक्षिण लंडनच्या १४४ चौरस किलोमीटरचे ५७६ सारखे चौकोन पाडले आणि त्यांत पडलेले ५३७ बॉम्ब मोजले. बॉम्ब डोळे मिटून टाकले असते तर किती चौकोनांत किती पडले असते, हे पॉसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या सूत्राने काढता येते. सूत्र म्हणते, सुमारे २२७ चौकोन कोरे राहतील. प्रत्यक्षात २२९ राहिले. एकेक बॉम्बचे २११ अपेक्षित, २११ च निघाले. चार-चार बॉम्बचे ७ अपेक्षित, ७ निघाले. म्हणजे त्या प्रदेशापुरते तरी कोणीही कोणाला हेरत नव्हते. आंधळेपणाने टाकलेल्या गोष्टी सारख्या अंतरावर पडत नाहीत, त्यांचे पुंजके होतात. सारख्या अंतरावर पडल्या असत्या तर उलट संशय घ्यायला हवा होता.

आता तुमची गल्ली. भारतात दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण १०० नवे कर्करोगी आढळतात. गल्लीत तीनशे माणसे धरली तर दोन वर्षांत सरासरी ०.६ रुग्ण. अशा गल्लीत चार किंवा जास्त रुग्ण निघण्याची शक्यता हजारात साडेतीनच्या आसपास, म्हणून तुम्हाला ते अघटित वाटते. पण हजार गल्ल्यांच्या शहरात अशा तीन गल्ल्या नुसत्या नशिबाने निघणारच, आणि सह्यांचे कागद त्याच तीन गल्ल्यांत फिरणार. शेजारच्या गल्लीत कोणी टॉवरला दुवा देत फिरत नाही. तिथेही टॉवर असेल, तो कोणाच्या नजरेत आलेला नाही.

पण पुंजके कधीच खरे नसतात असे मात्र मी म्हणणार नाही. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने सहाशेहून जास्त माणसे मेली. जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यू नकाशावर मांडले, ते ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवती गोळा झालेले दिसले. तो पुंजका खरा होता. त्याचे वजन कशामुळे, ते पाहा. कॉलरा पाण्यातून पसरतो हे स्नोने १८४९ मध्येच छापून ठेवले होते, नकाशा नंतर आला. शिवाय त्याने उलट बाजूही तपासली. जवळच्या गरिबांसाठीच्या आश्रयगृहात (वर्कहाउस) पाचशेहून जास्त माणसे होती, त्यांची स्वतःची विहीर होती, तिथे पाचच मृत्यू झाले. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार पंपाचे पाणी पीतच नसत, तेही वाचले.

म्हणून सहीपेक्षा आधी हे करा. चौघांना कर्करोग कोणत्या अवयवाचा आहे ते विचारा. एकाला तोंडाचा, एकीला स्तनाचा, एकाला पोटाचा असेल तर हे वेगवेगळे आजार आहेत, कारणेही वेगळी. तोंडाच्या बाबतीत पहिला प्रश्न तंबाखू-मिश्रीचा. चौघांनाही एकच विरळा प्रकार असेल, किंवा लहान मुले असतील, तर गोष्ट गंभीर आहे. प्रत्येक जण तिथे किती वर्षे राहतो आणि टॉवर कधी उभा राहिला, हेही लिहा. टॉवर कालपरवाचा असेल तर विषय तिथेच मिटतो, कारण बहुतेक गाठी वाढायला वर्षे लागतात. हा कागद आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या. तुमच्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तुलना करायला आकडे लागतात, ते अशा नोंदणीतूनच मिळतात.

वडील निवृत्त झाल्यापासून मटक्याचे जुने चार्ट वहीत उतरवतात. पैसे कमी लावतात, पण ‘माझे गेसिंग बरोबर येते’ म्हणतात, आणि खरेच बऱ्याचदा येते! (नोकरदार, कल्याण)

मटका बेकायदा आहे हे वडिलांना मी सांगायला नको. गणिताचे बोलतो.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावांवर मुंबईत हा खेळ सुरू झाला. ते भाव थांबल्यावर चिठ्ठ्या, मग पत्ते आले. ‘ओपन’, ‘क्लोज’ हे शब्द तिथलेच. जोड्या ०० ते ९९, शंभर. तीनशे निकाल झाले तरी शंभरातल्या सुमारे पाच जोड्या एकदाही आलेल्या नसतात आणि एखादी आठ-आठ वेळा आलेली असते. वहीत पाहणाऱ्याला पहिल्या ‘थकलेल्या’ वाटतात, ‘आता येणारच’, आणि दुसरी ‘चालू’ वाटते, ‘अजून येणार’. दोन्ही बाजूंनी पैसे लावायला कारण तयार. पत्त्यांना वही वाचता येत नाही.

मग गेसिंग बरोबर कसे येते? बरोबर कशाला म्हणतात ते बघा. वडिलांनी २६ काढला. २६ आला तर उत्तमच. कट म्हणजे पाच मिळवून येणारा शेवटचा अंक: २ चा कट ७ आणि ६ चा कट १, म्हणून ७६, २१, ७१ आले तरी ‘कटमध्ये आला’. उलटे म्हणजे ६२, ६७, १२, १७ आले तरी ‘पलटी झाली’. शंभरातल्या आठ जोड्या झाल्या. त्यात ‘एक दिवस आधी आला’, ‘एक दिवस उशिरा आला’ हेही चालते, म्हणजे तीन दिवस. डोळे मिटून काढलेला आकडासुद्धा या नियमाने शंभरात बावीस वेळा ‘बरोबर’ येतो. पैसे मात्र फक्त २६ ला मिळतात, तेही रुपयाला नव्वदच्या आसपास, शक्यता शंभरात एक असताना.

वडिलांशी वाद घालू नका. रोज निकालाआधी एकच जोडी तारीख टाकून लिहा आणि वही आईंकडे ठेवा, एवढेच सुचवा. (निकाल काढणाराच लबाड असला तर तो कोणत्या आकड्यावर कमी पैसे लागलेत ते बघेल. तो खरा पॅटर्न आहे, पण वडिलांच्या वहीत तो सापडणार नाही.)

एम.डी.च्या प्रबंधात मूळ निष्कर्ष आला नाही. गाइड म्हणतात, वय, लिंग, जिल्हा, रक्तगट असे तुकडे पाडून बघ, काहीतरी निघेलच. (निवासी डॉक्टर, नागपूर)

निघेलच, हीच तर अडचण. औषधाचा काडीचा परिणाम नसला तरी पाच टक्क्यांच्या निकषावर (म्हणजे नुसत्या योगायोगाने शंभरात पाचच वेळा दिसेल एवढा फरक ‘लक्षणीय’ धरायचा) वीस स्वतंत्र तुकडे तपासले तर किमान एकात ‘लक्षणीय’ फरक दिसण्याची शक्यता ६४ टक्के.

गाइडना १९८८ च्या आयसिस-२ चाचणीची गोष्ट ऐकवा. हृदयविकाराच्या झटक्याचे १७,१८७ रुग्ण, अ‍ॅस्पिरिनचा स्पष्ट फायदा. असे तुकडे पाडण्यात किती फसगत होते हे दाखवायला संशोधकांनी मुद्दाम रुग्णांची जन्मराशीनुसार विभागणीही छापली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनने थोडे नुकसानच होते असे त्यात दिसत होते! पाश्चात्य पद्धतीच्या राशी त्या, पण मुद्दा कळला. तुम्ही तुकडे जरूर पाडा, मात्र किती पाडले तो आकडा प्रबंधात लिहा आणि जे निघेल ते पुढच्या अभ्यासासाठी अंदाज म्हणून मांडा. मूळ निष्कर्ष आला नाही हासुद्धा निष्कर्षच असतो. परीक्षकांना तो आवडत नाही, हा परीक्षकांचा दोष.

राशींचे म्हणाल तर, आमच्या ज्योतिषांची दहातली आठ भाकिते खरी ठरतात. (निवृत्त शिक्षक, सातारा)

ती आठ कोणी मोजली, आणि भाकीत खरे ठरले हे कधी ठरवले, आधी की नंतर? २००८ मध्ये जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हा घोळच ठेवला नाही. दोनशे पत्रिका घेतल्या, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषाने फक्त कोणती कुठली ते सांगायचे. ५१ जणांनी तयारी दाखवली, प्रत्येकाला ४० पत्रिका गेल्या, २७ जणांची उत्तरे परत आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे तपासल्या, त्यांची १०२ बरोबर आली.

फोनवर गाणी शफल केली तरी आशाताईंची गाणी पाठोपाठ लागतात. फोन त्यांचा चाहता आहे का? (कॉलेजकन्यका, पुणे)

पन्नास गाण्यांत दहा आशाताईंची असतील तर कुठे तरी दोन पाठोपाठ लागण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. अशाच तक्रारींमुळे अ‍ॅपलने २००५ मध्ये आयट्यून्सला ‘स्मार्ट शफल’ जोडले, म्हणजे गाणी मुद्दाम पांगवून लावायची, तेव्हा कुठे लोकांना ती पुरेशी विस्कळीत वाटली. तुमच्या फोनमध्ये अशी सोय नसेल तर फोन प्रामाणिक आहे. दुकानात नेऊ नका.