टाइम मशीन हाती आलं की माणसाची नियत उघडी पडते का?

तुमचा प्रश्न असा आहे की, टाइम ट्रॅव्हलच्या कथांमधलं यंत्र स्वतःच वाईट असतं की वापरणाऱ्याची नियत दाखवतं. माझ्या मते नियतच दाखवतं, आणि त्यात खलनायकापेक्षा भल्या माणसाची जास्त.

'बॅक टू द फ्यूचर' या चित्रपटाचा दुसरा भाग (१९८९) घ्या. त्यातला खलनायक, म्हातारा बिफ, टाइम मशीन चोरून १९५५ मध्ये जातो आणि सामन्यांच्या निकालांचं पुस्तक तरुणपणीच्या स्वतःलाच देतो. पैजा जिंकून तो गडगंज होतो, गावाची पार रया जाते. बिफकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. पण ते पुस्तक विकत घेतलं कोणी? मार्टीनं, म्हणजे आपल्या नायकानं. २०१५ मधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात १९५० ते २००० चे निकाल त्याला एकगठ्ठा मिळतात. कोणाचं वाईट करायचं त्याच्या मनातही नसतं. वरचे चार पैसे सुटले तर बरं, एवढंच. टाइम मशीन बनवणारा शास्त्रज्ञ डॉक त्याला झापतो, पुस्तक कचऱ्यात टाकतो, आणि तिथूनच ते बिफ उचलतो. दरवेळी हा प्रसंग पाहताना मला मार्टीच्या जागी मी दिसतो. मीही ते पुस्तक घेतलंच असतं.

एरवी आपल्याला आवरतं ते हेच, की एकदा केलेलं पुसता येत नाही. यंत्र नेमका तोच धाक काढून घेतं.

'प्रायमर' (२००४) हा चित्रपट जेमतेम सात हजार डॉलरमध्ये बनला, पण ही गोष्ट इतक्या निर्दयपणे दुसऱ्या कोणी दाखवलेली मी पाहिली नाही. एब आणि एरन या दोघा मित्रांच्या हाती टाइम मशीन येतं. त्यावर ते शेअर बाजारात पैसे कमावतात, पण सुरुवातीला किती जपून! आपल्यामुळे काही बिघडू नये म्हणून दिवसभर हॉटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतात. मात्र सावध एबनं मित्राला न सांगता एक जादा यंत्र चालू ठेवलेलं असतं, वेळ आलीच तर सगळं पहिल्यापासून करता यावं म्हणून. हेतू चांगलाच, फक्त मित्रापासून लपवलेला. एरनला त्याचा सुगावा लागतो. तो त्यातून मागे जातो, तिथल्या स्वतःच्याच नाश्त्याच्या दुधात गुंगीचं औषध घालतो आणि त्या दुसऱ्या एरनला माळ्यावर नेऊन ठेवतो.